राष्ट्रपतींची सही आणि आपला हिशेब

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली, किंवा एखादे माजी राष्ट्रपती निवर्तले, की वर्तमानपत्रांत एक चर्चा हमखास रंगते. आजवरचा सर्वांत चांगला राष्ट्रपती कोण, आणि सर्वांत वाईट कोण? उत्तरंही साधारण ठरलेली असतात. राधाकृष्णन मोठे तत्त्वज्ञ होते, राजेंद्रबाबू गांधीजींचे सहकारी होते, कलाम साधे होते आणि मुलांचे लाडके होते. वाईटांच्या यादीत फखरुद्दीन अली अहमद यांचं नाव, आणि त्यापुढे 'रबरी शिक्का' हा शब्द. या सगळ्यात विद्वत्ता मोजली जाते, राहणी मोजली जाते, भाषणं मोजली जातात. बायकांच्या जगण्यावर परिणाम करणारा कागद टेबलावर आला तेव्हा त्या माणसाने काय केलं, हे मात्र कोणी मोजत नाही.

ते आपणच मोजायला हवं. हुंडा, बलात्कार, पोटगी, वारसाहक्क, घरातली मारहाण, पंचायतीतलं आरक्षण, यांतला कोणताही कायदा घ्या. त्यासाठी आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली, रात्र रात्र बसून मसुदे वाचले. संसदेत विधेयक मंजूर झालं की आपली लढाई संपते, आणि पुढची सही म्हणजे निव्वळ उपचार असं आपण धरून चालतो. पण कायदा होतो तो त्या सहीने. आजवर पंधरा जणांच्या हातात ही सही होती. त्यांतले तेरा पुरुष आणि दोन बायका. या पंधरा जणांकडे आपल्या बाजूने पाहिलं तर चांगल्या-वाईटाचा क्रम कसा लागतो?

अधिकार नेमका किती?

आधी हे स्पष्ट करून घेऊ, नाहीतर आपण राष्ट्रपतींकडून भलत्याच अपेक्षा करू. आपल्याकडे राज्यकारभार मंत्रिमंडळ करतं. घटनेच्या कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावं लागतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने हे बंधन शब्दांत लिहिलं गेलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक खिडकी उघडली: राष्ट्रपती मंत्रिमंडळाला आपला सल्ला पुन्हा तपासायला सांगू शकतात. तोच सल्ला परत आला तर मात्र तो मानावाच लागतो. विधेयकाचंही तसंच. कलम १११ प्रमाणे राष्ट्रपती ते एकदा संसदेकडे फेरविचाराला पाठवू शकतात. संसदेने पुन्हा मंजूर केलं तर सही करावी लागते. सही किती दिवसांत करायची, हे त्या कलमात सांगितलेलं नाही.

म्हणजे राष्ट्रपती कायदा अडवू शकत नाहीत, पण थांबू शकतात. कागद हातात घेऊन 'हे घटनेत बसतं का? यात कोणाचं नुकसान आहे?' असं विचारू शकतात. घटनेचं रक्षण करण्याची आणि जनतेच्या सेवेची शपथ त्यांनी घेतलेली असते. ती शपथ वापरायची वेळ येते ती याच थांबण्यात. म्हणून माझी कसोटी साधी आहे: कोण कशासाठी थांबलं, आणि कोण कुठे थांबलं नाही?

पहिलं थांबणं

पहिल्याच राष्ट्रपतींनी थांबायची तयारी दाखवली होती. पण ती बायकांच्या हक्काविरुद्ध होती.

१९५१ साली डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल हंगामी संसदेत पुढे रेटलं होतं. एकपत्नीत्व, घटस्फोट, आंतरजातीय विवाहाला मान्यता, मुलीला वारसाहक्क, हे सगळं त्यात होतं. राजेंद्रबाबूंचा या बिलाला विरोध होता. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवलं की हे बिल आपल्यापुढे आलं तर आपण स्वतःच्या विचाराने निर्णय घेऊ इच्छितो. ही संसद प्रौढ मतदानाने निवडून आलेली नाही, तिने इतका मोठा बदल करू नये, असंही त्यांचं म्हणणं होतं. नेहरूंनी कायदेतज्ज्ञांचं मत मागवलं. ॲटर्नी जनरल सेटलवाड यांचा अभिप्राय असा आला की राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याप्रमाणेच वागावं लागेल. पण त्याच सुमारास बिल बारगळलं आणि आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

आता हा युक्तिवाद तपासून पाहा. त्याच हंगामी संसदेने त्याच वर्षी जून महिन्यात राज्यघटनेत पहिली दुरुस्ती केली होती, आणि तिच्यावर राजेंद्रबाबूंची सही झाली होती. घटना बदलण्याचा अधिकार असलेल्या संसदेला मुलीला वाटा देण्याचा अधिकार मात्र नाही, हे तर्कात कसं बसायचं?

न्यायाने हेही सांगायला हवं की १९५५ चा हिंदू विवाह कायदा, १९५६ चा वारसा कायदा, पालकत्वाचा आणि दत्तक व पोटगीचा कायदा, या चारही कायद्यांवर पुढे त्यांनीच सही केली. १९६१ चा हुंडाबंदी कायदा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत मंजूर झाला तोही त्यांच्याच काळात. मत विरोधात असूनही त्यांनी घटनेची शिस्त पाळली, हे मान्य करू. पण बिलाचे तुकडे होईपर्यंत त्यातलं बरंच गळून गेलं होतं. आंबेडकरांच्या मसुद्याने एकत्र कुटुंबातली जन्मसिद्ध पुरुषी मालकी मोडायची होती. १९५६ च्या कायद्याने ती तशीच ठेवली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, आणि देशभर २००५ साली, कलाम यांच्या सहीने. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत किती बहिणींना साडीचोळीवर भागवावं लागलं, त्याचा हिशेब कुठल्याच चरित्रात सापडत नाही.

एका वर्षातल्या दोन सह्या

फखरुद्दीन अली अहमद यांच्याबद्दल आपल्या चळवळीत एक अडचणीचा प्रश्न आहे. २५ जून १९७५ च्या रात्री त्यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. हे त्यांना माहीत होतं. ते स्वतः बॅरिस्टर होते. तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९७५ रोजी, याच हाताने समान वेतनाच्या वटहुकमावर सही केली. स्त्री-पुरुषांना समान कामाला समान दाम द्यावा, हे कायद्याने प्रथम देशभर सांगितलं ते त्या वटहुकमाने. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष चालू होतं. मग आपल्या दृष्टीने हा राष्ट्रपती चांगला म्हणायचा की वाईट?

काही जणी म्हणतात, 'कायदा तर मिळाला ना!' मला हे पटत नाही. वेतनाचा कायदा कागदावर आल्याने मजुरी वाढत नाही. त्यासाठी संघटना लागते, संप लागतो, मालकाच्या दारात जाऊन बसणाऱ्या बाया लागतात. १९७२ च्या महागाई प्रतिकार समितीपासून मुंबईत लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणणाऱ्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या तिघीही आणीबाणीत तुरुंगात गेल्या. कर्नाटकातल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी तुरुंगात आजारी पडल्या आणि सुटकेनंतर लगेचच, जानेवारी १९७७ मध्ये, गेल्या. कायदा राबवून घेणाऱ्यांना आत टाकायचं आणि बाहेर कायदा जाहीर करायचा, असा तो व्यवहार होता. ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणीबाणी असतानाही, पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद भरली, त्याचं श्रेय भरवणाऱ्या बायकांचं आहे.

नसबंदीचीही आठवण ठेवू. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या. त्या जुलमाचा राग मतपेटीतून बाहेर आला आणि त्यानंतर कोणत्याही सरकारने पुरुषाला हात लावायचं धाडस केलं नाही. सगळा भार बाईवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के. आणीबाणीची किंमत बायका आजही शरीराने मोजताहेत.

४४ वी दुरुस्ती तेव्हा व्हायची होती, बंधन होतं, असा बचाव केला जातो. पण 'मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी आणा, मग सही करतो' एवढं म्हणायला कोणत्या दुरुस्तीची गरज होती? माझ्या यादीत सर्वांत वाईट सही हीच. तिने बाकीच्या सगळ्या मागण्या मागण्याचा हक्कच काढून घेतला.

खिसा होता, पण कोणासाठी?

ग्यानी झैलसिंग यांच्या कारकिर्दीत आपल्या चळवळीला सर्वांत जास्त कायदे मिळाले. मथुरा प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ चा. त्याविरुद्ध देशभर उठलेल्या आवाजातून बलात्काराच्या कायद्यात १९८३ साली दुरुस्ती झाली. त्याच वर्षी ४९८ अ आलं, १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ ब. या सगळ्यांवर सही झैलसिंग यांची.

आणि १९८६ च्या मे महिन्यातली मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायद्यावरची सहीही त्यांचीच. शाहबानो यांना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९८५ मध्ये पोटगी मान्य केली होती. फौजदारी संहितेचं कलम १२५ सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी होतं. नवऱ्याने टाकलेल्या बाईला उपाशी ठेवू नये, एवढंच ते म्हणत होतं. नव्या कायद्याने मुस्लिम बाईला त्या कलमाच्या बाहेर काढलं. आपल्या महाराष्ट्रात १९६६ साली हमीद दलवाई सात बायकांना घेऊन विधानभवनावर गेले होते. १९८५ साली मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तलाकमुक्ती मोर्चा काढला, दगड आणि शिव्या झेलल्या. या बायकांचं म्हणणं सरकारच्या कानावर नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही. धर्माच्या नावाने बाईला समान संरक्षणातून वगळणं कलम १४ आणि १५ मध्ये बसतं का, हा राष्ट्रपतींनी विचारायलाच हवा असा प्रश्न होता. तो विचारला गेला नाही. महिनाही न लागता सही झाली.

त्याच वर्षाच्या शेवटी टपाल दुरुस्ती विधेयक त्यांच्याकडे आलं. लोकांची पत्रं उघडून पाहण्याचा व्यापक अधिकार त्यात सरकारला मिळणार होता. त्यावर झैलसिंग यांनी सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. १९८७ च्या जुलैत कारकीर्द संपेपर्यंत ते तसंच ठेवलं. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत याला 'खिशातला नकाराधिकार' म्हणतात आणि कौतुकाने उदाहरण देतात. कौतुक योग्यच आहे. पण एकाच वर्षातल्या या दोन विधेयकांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. थांबता येतं, हे त्यांना माहीत होतं. पत्रांसाठी खिसा सापडला, तलाकपीडित बाईच्या पोटगीसाठी सापडला नाही.

पुढे २००१ साली डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा असा अर्थ लावला की इद्दतच्या काळातच पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने करावी. त्यामुळे बायकांना काही आधार मिळाला. पण मधली पंधरा वर्षं गेली ती गेलीच.

सर्वांत चांगला कोण?

माझं मत के. आर. नारायणन यांना. पहिले दलित राष्ट्रपती म्हणून मी हे म्हणत नाही, जरी त्या गोष्टीचं मोल मोठं आहे. १९९७ साली उत्तर प्रदेशात आणि १९९८ साली बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी फेरविचाराला परत पाठवली. एकदा सरकार एका बाजूचं होतं, दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूचं. दोन्ही सरकारांनी तेव्हा पाऊल मागे घेतलं. ४४ व्या दुरुस्तीची खिडकी कशी वापरायची, हे त्यांनी दाखवलं.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तो १९९८ च्या अखेरीचा एक शेरा. सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुकांच्या फायलीवर त्यांनी लिहिलं की न्यायाधीश निवडताना अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींचा आणि स्त्रियांचा योग्य विचार व्हावा. तोवर त्या न्यायालयात जवळजवळ पन्नास वर्षांत दोनच बायका बसल्या होत्या: १९८९ साली फातिमा बीवी आणि १९९४ साली, पूर्वी मुंबई उच्च न्यायालयात असलेल्या सुजाता मनोहर. शेरा बाहेर फुटला तेव्हा गदारोळ झाला, 'गुणवत्ते'चा मुद्दा पुढे आला. जणू पन्नास वर्षांत दोनच गुणी बायका जन्मल्या! कागद नेमणुकीचा होता, सही अपेक्षित होती. नारायणन यांनी सही करता करता विचारलं: यात कोण नाही? हाच प्रश्न आपण प्रत्येक समितीत, प्रत्येक पंचायतीत विचारत आलो आहोत.

त्यांच्याही मर्यादा होत्या. २००२ साली गुजरातमध्ये बायकांवर जे अत्याचार झाले, त्या वेळी आपण पंतप्रधानांना पत्रं लिहिली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. पत्रांनी ते थांबलं नाही. सर्वांत चांगल्या राष्ट्रपतीचाही हात किती पोचतो, हे तिथे दिसलं.

बाई झाली राष्ट्रपती, पुढे काय?

२००२ साली कॅप्टन लक्ष्मी सहगल यांनी कलाम यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली. आझाद हिंद फौजेच्या राणी झाशी पलटणीच्या प्रमुख, आयुष्यभर कानपूरला गरीब बायकांची बाळंतपणं केलेल्या डॉक्टर. त्या हरणार हे ठरलेलंच होतं. पाच वर्षांनी, २५ जुलै २००७ रोजी, आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. महाराष्ट्रात त्या वेळी 'मराठी माणूस राष्ट्रपती' याचा आनंद 'बाई राष्ट्रपती' यापेक्षा मोठ्याने साजरा झाला. शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून त्यांना मतं दिली ती मराठीपणासाठी. त्याच सुमारास 'राष्ट्रपती' या शब्दातल्या 'पती'चं काय करायचं यावर चर्चा झडल्या. २०२२ साली तर लोकसभेतल्या एका नेत्याच्या तोंडून द्रौपदी मुर्मू यांच्यासाठी 'राष्ट्रपत्नी' असा शब्द गेला आणि त्यांना लेखी माफी मागावी लागली. पती म्हणजे स्वामी. या खुर्चीवर बाई बसेल अशी कल्पना शब्द घडवणाऱ्यांनी केलीच नव्हती.

प्रतिभाताईंवर सर्वांत जोराची टीका झाली ती फाशीच्या माफीवरून. त्यांच्या काळात तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. त्यांत बलात्कार आणि खुनाचे गुन्हेगारही होते. 'बाई असून बलात्काऱ्यांना माफी?' असा सूर लागला. दयेचा अर्जही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच निकाली निघतो, हे कोणी सांगितलं नाही. आपल्यातल्या अनेक संघटना बलात्काराला फाशी नको असं म्हणत आल्या आहेत. २०१३ च्या वर्मा समितीनेही फाशीची शिफारस केली नव्हती. तेव्हा या मुद्द्यावर त्यांना झोडपणाऱ्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं कारण नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पाच वर्षांत बायकांच्या बाजूने थांबून विचारलेला एकही प्रश्न माझ्या नजरेला आलेला नाही. महिला आरक्षण विधेयक ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत कुजलं. त्या टेबलापर्यंत ते पोचलंच नाही.

त्यांच्यानंतर प्रणव मुखर्जी आले. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर वर्मा समितीने एका महिन्यात अहवाल दिला. सरकारने त्यातलं निवडक उचलून वटहुकूम काढला. लग्नातला बलात्कार गाळला, लष्कराच्या विशेषाधिकाराला हात लावला नाही, वर फाशी घातली. २ फेब्रुवारी २०१३ रोजी महिला संघटनांनी राष्ट्रपतींना जाहीर विनंती केली की या वटहुकमावर सही करू नका. संसदेचं अधिवेशन तीन आठवड्यांवर होतं. दुसऱ्याच दिवशी सही झाली. आपण राष्ट्रपतींच्या दारात जाऊन 'थांबा' म्हणालो, आणि आपल्यासाठी एक दिवसही थांबलं गेलं नाही.

द्रौपदी मुर्मू २०२२ साली राष्ट्रपती झाल्या. संथाळ समाजातली, मयूरभंजची एक शिक्षिका त्या भवनात गेली याचा आनंद मला मनापासून झाला. त्यांच्याकडून अपेक्षा करायला आधारही होता. झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ साली, आदिवासींच्या जमिनीच्या कायद्यांत बदल करणारी विधेयकं त्यांनी सरकारकडे परत पाठवली होती. सरकार त्या ज्या पक्षातून आल्या त्याच पक्षाचं होतं. थांबणं काय असतं, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. राष्ट्रपती म्हणून २०२२ च्या संविधान दिनी त्या तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब कच्च्या कैद्यांबद्दल बोलल्या. कोलकात्याच्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने लेख लिहिला.

पण डिसेंबर २०२३ मध्ये नव्या फौजदारी कायद्यांची विधेयकं आली तेव्हा? दोन्ही सभागृहांतले १४० हून अधिक विरोधी खासदार निलंबित होते. २१ डिसेंबरला राज्यसभेत मंजुरी, २५ डिसेंबरला सही. भारतीय न्याय संहितेत लग्नातल्या बलात्काराची सूट जशीच्या तशी राहिली. इंग्रजांनी १८६० साली लिहिलेला नवऱ्याचा हक्क एका स्वतंत्र देशाच्या महिला राष्ट्रपतींच्या सहीने नव्या कायद्यात आला. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाच्या १०६ व्या दुरुस्तीवर त्यांनी सही केली, तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधलेली होती. २०२४ ची लोकसभा आरक्षणाशिवायच झाली आणि ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या.

'सही तर करावीच लागते'

हा आक्षेप येणारच: परत पाठवून काय होतं? बहुमत असलेलं सरकार पुन्हा मंजूर करणार, पुन्हा पाठवणार.

याला उत्तर आयर्लंडमध्ये सापडतं. आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना तिथूनच घेतली. तिथल्या राष्ट्रपतींनाही कारभाराचे अधिकार जवळजवळ नाहीत. १९९० साली मेरी रॉबिन्सन तिथल्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्या वकील, संततिनियमनाच्या हक्कासाठी सत्तरच्या दशकापासून लढलेल्या. १९९५ साली परदेशातल्या गर्भपात-सेवांची माहिती बायकांना देण्याविषयीचं विधेयक त्यांच्याकडे आलं. सही करण्याआधी त्यांनी ते घटनेत बसतं का हे तपासायला सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवलं, तसा अधिकार तिथल्या राष्ट्रपतींना आहे. न्यायालयाने ते वैध ठरवलं आणि त्यांनी सही केली. कायदा अधिक पक्का झाला. विचारणं म्हणजे अडवणं नसतं, हे यातून दिसतं. आपल्याकडे तशी वाट नाही, पण कलम १११ आहे. विधेयक कारणांसह परत गेलं की ती कारणं नोंदली जातात, वर्तमानपत्रांत येतात, न्यायालयात उपयोगी पडतात. २००६ साली कलाम यांनी लाभाच्या पदांचं विधेयक परत पाठवलं. ते पुन्हा मंजूर झालं, त्यांनी सहीही केली, पण देशभर चर्चा झाली. खासदारांच्या पदांसाठी जे झालं, ते बायकांच्या एखाद्या कायद्यासाठी व्हायला काय हरकत आहे?

माझा क्रम असा: सर्वांत चांगले नारायणन, सर्वांत वाईट फखरुद्दीन अली अहमद, आणि आपल्याला सर्वांत जास्त देऊनही सर्वांत मोठा अपेक्षाभंग करणारे झैलसिंग. राजेंद्रबाबूंना शेवटचा क्रमांक द्यावा असं म्हणणाऱ्या मैत्रिणी आहेत, त्यांचं म्हणणं मी समजू शकते. दोन्ही महिला राष्ट्रपतींना मी वर किंवा तळाला ठेवत नाही. बाई आहे म्हणून जास्त गुण नकोत, आणि बाई आहे म्हणून जास्त कडक परीक्षाही नको.

मात्र क्रम लावून थांबण्यात अर्थ नाही. आपल्या गटांना करता येण्यासारख्या तीन गोष्टी सुचवते. एक, बायकांशी संबंधित प्रत्येक विधेयकाची वही ठेवा: मंजुरीची तारीख, सहीची तारीख, मधले दिवस. दोन, विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं की त्याच दिवशी राष्ट्रपतींना पत्र पाठवा. भावनिक निवेदन नको. कोणतं कलम घटनेच्या कोणत्या कलमाला धक्का लावतं, ते मुद्देसूद लिहा, आणि पत्र वर्तमानपत्रांनाही द्या. तीन, राष्ट्रपती निवडणारे मतदार आपल्याच तालुक्यात राहतात हे विसरू नका. महाराष्ट्रातल्या २८८ आमदारांपैकी प्रत्येकाच्या मताचं मूल्य १७५ आहे. मतदान गुप्त असतं आणि पक्षादेश लागू होत नाही. रस्त्यासाठी, रेशनसाठी आपण आमदाराच्या दारात जातो, तसंच निवडणुकीआधी जाऊन विचारू या: ज्यांना मत देणार आहात, त्या उमेदवाराने आजवर बायकांसाठी कधी, कुठे थांबून प्रश्न विचारला आहे? आमदाराला उत्तर देता आलं नाही, तरी पुढच्या वेळी तो आधी माहिती काढून ठेवेल.